झालं म्हणेपर्यंत

१

दचकीला दचकायला कारण लागत नसे. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, स्वतःच्याच पर्समध्ये वाजलेला फोन, काहीही पुरे. पदवीदान समारंभात प्राचार्यांनी तिचं नाव पुकारलं तेव्हा ती अशी उडाली होती की शेजारच्या दोघी उठून उभ्या राहिल्या. तेव्हापासून ते पुकारलेलं नाव मागे पडलं आणि घरीदारी हेच चिकटलं.

अशा मुलीला नोकरी लागली, तीही दिवसभर कानांवर हेडफोन चढवून बसायची. टीव्हीवर ‘उचला बोचकी’ नावाची प्रवासाची स्पर्धा येणार होती. आठ जोड्या, दर जोडीला वेगळ्या रंगाचं जाकीट, पाठीवर एकेक पिशवी, फोन जमा. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला मिळेल त्या वाहनाने पोहोचायचं, आणि जी जोडी शेवटी पोहोचेल ती घरी. तिकडे कॅमेरावाले सगळं टिपत, तीन दिवसांनी त्याची मेमरी कार्डं विमानाने इकडे येत, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकी नसलेल्या खोलीत बसून दचकी ते सगळं बघे आणि लिहून काढे. अकरा वाजून चार मिनिटं, निळे भाऊ नकाशा उलटा धरतात. अकरा वाजून नऊ मिनिटं, पिवळं नवं जोडपं भांडतं. अकरा वाजून दहा, पुन्हा भांडतं.

तांबड्या जोडीपाशी आली की मात्र तिला हसू आवरत नसे. तांबड्या जाकिटात तिची आई होती आणि शेजारी मावशी.

निर्मातेसाहेबांनी तिला समोर बसवून बजावलं होतं, "तुझ्या आईची निवड तिच्या तोंडामुळे झाली, तुझ्या वशिल्याने नव्हे. पण इथे पाहिलेलं एक अक्षर जरी बाहेर गेलं, अगदी वडिलांना जरी सांगितलंस, तरी त्या दोघी बाद. त्याच दिवशी."

दचकीने जीभ दाताखाली धरली ती धरलीच. आईचा पासपोर्ट छप्पन्नाव्या वर्षी निघाला होता. तोवर आईने जग पाहिलं ते टपाल कचेरीच्या खिडकीतून, पाकिटांवरच्या शिक्क्यांमध्ये. आता ती ते शिक्के प्रत्यक्ष तुडवत निघाली होती, आणि पायाला मूळची भिंगरी. एका जागी बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा नवरदेव स्वच्छ आणि नवरी धुरकट, कारण प्रत्येक फोटोत ती कुणाला तरी काहीतरी सांगायला वळलेली.

२

या कामात एक गंमत होती. कुठल्याही मुक्कामावरून निघण्याआधी तिथली शांतता टिपून घ्यावी लागते.

आवाजाचं काम बघणारे गृहस्थ होते, त्यांना सगळे कानकाका म्हणत. सगळ्या जोड्या निघण्याच्या रेषेवर उभ्या राहिल्या की काका हात वर करत आणि म्हणत, "शांतता घेतोय!" मग स्पर्धक, कॅमेरावाले, गाडीवाले, सगळे होते तिथे खिळत. तीस सेकंद. काकांनी "झालं!" म्हटलं की त्या शब्दावरच स्पर्धा सुटे आणि सगळे धूम ठोकत.

"रिकाम्या जागेचा आवाज कशाला लागतो हो?" पहिल्याच दिवशी दचकीने विचारलं होतं.

संकलन करणाऱ्या बाई, ज्यांना सगळे कात्रीताई म्हणत, थर्मासमधून चहा ओतत म्हणाल्या, "अगं, बोलणं कापलं की मध्ये भोक पडतं. पडलेल्या दातासारखं. लोकांना कळत नाही, पण जीभ तिथेच जाते. मग त्या भोकात त्याच जागेची शांतता भरायची. दर जागेची शांतता वेगळी असते बाई. हॉलची वेगळी, घाटाची वेगळी."

पहिला मुक्काम होता एका तळ्याकाठचा. बोटी बंद पडलेल्या, आणि त्यांच्यासाठी थांबणाऱ्यांचा लांबलचक हॉल तेवढा शिल्लक. लाकडी बाकांच्या रांगा, उंच खिडक्या, चिटपाखरू नाही. तिथे काकांच्या नाकात धूळ गेली. एकविसाव्या सेकंदाला त्यांनी घाईघाईने "झालं" म्हटलं आणि सणसणीत शिंकले.

म्हणजे शांतता नऊ सेकंदांनी कमी. दचकीने डोकं लढवलं. "झालं" आणि शिंक दोन्ही कापून टाकलं, उरलेल्या शांततेचं शेपूट तिच्याच तोंडाला जोडलं, आणि एक गोल तयार केला. आता ती शांतता हवी तितका वेळ फिरत राही, संपतच नसे.

"शाब्बास!" कात्रीताईंनी ऐकून पाठ थोपटली. दचकी दचकली. "सांधा कुठेय ते मलासुद्धा कळत नाही. अशी स्वच्छ शांतता मी वीस वर्षांत ऐकली नाही. सगळ्याच भागांत हीच पसरू या खालून."

त्या दिवशी दचकी जिना उतरली ती गुणगुणतच.

३

दुसरा मुक्काम मजेत गेला. तिसऱ्या मुक्कामाच्या कार्डात एक बारीकशी गोष्ट होती.

दगडी चौक, उन्हाची तिरीप, काकांचा हात वर. तीस सेकंद. "झालं!" सहाही जोड्या सुटल्या. आई मात्र नंतर सुटली. पापणी लवते ना, तेवढ्याच वेळाने.

दचकीने मागे घेऊन पुन्हा पाहिलं. मावशी पाऊल उचलते, आई तिथेच. मग आई.

‘दमली असेल,’ तिने स्वतःला समजावलं. ‘तू नको बाई घाबरू. तुला काय, माशी उडाली तरी पुरते.’

घरी बाबा दारातच उभे. हातात झारा, अंगात आईचा एप्रन. आई स्पर्धेला गेल्यापासून ते स्वयंपाक शिकत होते आणि शेजारी जेवत होते.

"काय गं, काय म्हणतेय आमची बाई? पुढे आहे की मागे?"

"बाबा, सांगता येत नाही हो."

"नको सांगूस. नुसती मान हलव. हसरी आहे ना?"

दचकीने मान हलवली. एवढ्यावर कुणाला बाद करतील तर करोत.

"मग झालं," बाबा म्हणाले आणि करपल्या वासाच्या दिशेने धावले.

४

चौथ्या मुक्कामाला मात्र पापणी पुरेना.

तिथे निघण्याची रेषा एका जुन्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर आखली होती. काका "झालं" म्हणाले, चार जोड्या बाणासारख्या सुटल्या, आणि आई उभीच. एक हात पिशवीच्या पट्ट्यावर, मान किंचित कललेली, जशी टपालाच्या खिडकीत कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्यांसमोर कलत असे. दचकीने घड्याळ लावलं. अकरा सेकंद.

मावशी पळत पुढे गेलेली, ती परत आली. "अगं ए पुतळे! चल की! निळे गेले, पिवळे गेले, आपण काय इथे कबुतरं बसवून घ्यायची का डोक्यावर?"

आई हलली, हसली. "अगं थांब जरा. सगळे हलले नव्हते अजून."

"कोण सगळे?"

"मागचे."

कॅमेरावालाही बिचारा माणूसच. त्याने कॅमेरा मागे वळवला. मागे नाट्यगृहाचं बंद दार होतं आणि पायरीवर ऊन. बस्स.

"तुझ्या मागच्यांच्या आयला..." म्हणत मावशीने आईला दंडाला धरून ओढलं. पुढे पाच मिनिटं दोघी धावता धावता एकमेकींना लहानपणापासूनचं सगळं ऐकवत होत्या, आणि दचकी हसत हसत लिहीत होती.

तिने कात्रीताईंना दाखवलं.

"विमानात कान दडपतात अशाने," ताई म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंना तर आठवडाभर हाक ऐकू येत नव्हती. आम्ही तेवढाच आठवडा सुखाने राहिलो."

हे पटण्यासारखं होतं. दचकीला पटायचंही होतं. नोंदींचा कागद रोज तिकडे जात असे. त्यात तिने तळाशी लिहिलं: ‘तांबड्या जोडीतल्या मोठ्या बाईंना झालं ऐकू येत नसावं. जवळ जाऊन मोठ्याने म्हणावं.’ यात स्पर्धेतलं काही बाहेर जात नव्हतं. आतल्या आतच होतं.

५

पाचव्या मुक्कामाचं कार्ड लावलं तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. शेजारच्या खोलीत कुणीतरी पिवळ्या जोडप्याचं भांडण पुन्हा पुन्हा लावून खो-खो हसत होतं.

कानकाकांनी चिठ्ठी मानली होती. ते आईच्या अगदी कानापाशी उभे राहिले, तीस सेकंद मोजले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "झालं बाई!"

आई हलली नाही. वीस सेकंद. तीस. काकांचा चेहरा उतरू लागला. मावशीने चिमटा काढला. मग आईने श्वास सोडला आणि काकांना म्हणाली, अगदी मायेने, जशी चुकीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला सांगे तशी, "मला ऐकू आलं हो. पण त्यांना कुणी सांगितलंच नाही ना. पहिल्यापासून उभेच आहेत बिचारे. इतकी माणसं तिष्ठत असताना आपण कसं निघायचं? बरं दिसतं का ते?"

काका "हो... हो का" म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले.

वाईटसाईट विचार दचकीला शिकवावे लागत नसत. ते आपणच रांगेने येत. ‘पहिल्यापासून.’ पहिल्या मुक्कामाच्या शांततेतलं "झालं" कुणी कापलं होतं? तिनेच.

‘काहीतरीच,’ तिने स्वतःला सांगितलं. ‘पदवी आहे तुझ्याकडे. शहाणी ना तू?’

शहाणीने मूळ कार्ड शोधायला घेतलं. तो शब्द परत जागेवर चिकटवला की झालं, कुणाचं काही जात नाही. पण कार्डं पुसून पुन्हा तिकडे पाठवत असत, आणि कापलेले तुकडे दर शनिवारी उडवून टाकत. ते "झालं" आता कुठेच नव्हतं. उरला होता तो तिचा गोल, आणि तो पाचही भागांच्या खालून पसरला होता.

तिने हेडफोन दाबून धरले, आवाज पूर्ण वाढवला आणि तो गोल ऐकायला बसली. हॉल. उंची. लाकूड. काचेवर वारा. एकवीस सेकंद, पुन्हा एकवीस, पुन्हा.

सांधा कात्रीताईंना कळला नव्हता. दचकीला सातव्या फेरीला कळला. दर फेरीला त्या ठिकाणी एक अगदी मऊ आवाज होता. देवडीत, कचेरीत, दवाखान्यात फार वेळ ताटकळलं की माणूस अंगाचा भार या पायावरून त्या पायावर घेतो ना, तसा. एकाचा नव्हे. पुष्कळांचा.

तिने हेडफोन काढले. शेजारच्या खोलीत हसणं चालूच होतं, त्याचा तिला एवढा आधार वाटला की तीही उगाच हसली.

६

सहाव्या मुक्कामाचं कार्ड आणि आई एकाच विमानाने आली.

दचकीला ते ठाऊक नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते. पडद्यावर तीनच जोड्या उरलेल्या, मागे रेल्वेचं लहानसं स्टेशन, फलाटावर कुंड्या. काकांचं "झालं" आता विनवणीसारखं निघालं. निळे सुटले, हिरवे सुटले. आई उभी.

एक मिनिट. मावशीने ओढून पाहिलं, गुदगुल्या करून पाहिल्या. दोन मिनिटं. मावशी खाली बसली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "अक्का, नको ना गं असं. मला भीती वाटते." पुढची गाडी आली आणि गेली. आईच्या चेहऱ्यावर हसूच होतं, पाहुण्यांना ‘बसा’ म्हणण्याआधीचं. चौथं मिनिट लागलं, आणि दचकीचा फोन वाजला.

ती खुर्चीसकट मागे गेली.

"अगं, तुझी आई आली!" बाबा फोनमध्ये नाचत होते. "दोघी आल्यात! तिसरा नंबर! बॅग टाकली आणि पहिलं काय केलं असेल? माझी कढई घासायला घेतली! ये लवकर!"

पडद्यावर आई अजून उभीच होती. दचकीने पडदा बंद केला नाही. बंद केला तर आई हलायची राहील असं तिला वाटलं. ती तशीच निघाली.

घरी पोहोचली तो चार वाजत होते, आणि घर नुसतं वाजत होतं. आईने तासाभरात पडदे धुवायला काढले होते, पिशवीतून बूड नसलेली टोपली, कुणासाठी ते न ठरलेले हातमोजे आणि सात साबण काढले होते. "हॉटेलातले गं! टाकवतात का?" दचकीला तिने घट्ट कवळलं, मग दूर धरून बघितलं. "वाळलीस. बाबांनी रांधलं म्हणायचं की छळलं?"

"शेजाऱ्यांना विचार," बाबा म्हणाले.

दचकी रडली, हसली, दोन्ही एकदम. संपलं एकदाचं. आई घरी होती, भिंगरीसकट. आता कुणी शांतता घेणार नव्हतं.

"दूध ठेवते, चहा करू या," आई म्हणाली, ओट्यापाशी गेली, गॅस पेटवला, भांडं ठेवलं. आणि झाकण हातात घेऊन उभी राहिली.

बाबा काहीतरी विनोद सांगत होते. तो संपला. आई वळली नाही.

"करते हल्ली असं," मावशी हळूच म्हणाली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. "मिनिटभर. मग हलते. फक्त... दर वेळी जरा जास्त."

"अगो, ऐकलं का?" बाबांनी आईच्या खांद्याला हात लावला. मग काढला. मग पुन्हा लावला, आता विनोदाशिवाय. "डॉक्टरांना बोलवू का?"

दूध चढलं. उतू गेलं. भांड्याच्या अंगावरून ओघळून ज्योतीवर पडलं, चर्रर झालं, जळका वास सुटला, तरी गॅस बंद करायचं कुणाला सुचलं नाही. आईच्या हातापासून वीतभरावर हे चाललं होतं, आणि आईने, जिला कुणी पेला जरी तिरका ठेवला तरी खपत नसे, पापणीसुद्धा हलवली नाही. पाच मिनिटं. सहा.

दचकीच्या लक्षात एक गोष्ट आली. आई ओट्याकडे बघत नव्हती. मान कलवून, स्वयंपाकघराच्या दाराकडे, तिथून पुढे घरातल्या बोळाकडे ती बघत होती. बोळ रिकामा होता. टोकाला उघडं दार होतं आणि चपला.

आईला "झालं" ऐकू येतच होतं. तिने ते सांगितलंही होतं. प्रश्न तिचा नव्हताच.

साऱ्या जन्मात दचकी कधी कुणावर ओरडली नव्हती. ती आईकडे पाठ करून बोळाकडे तोंड करून उभी राहिली, आणि कानकाकांसारखा हात वर केला.

"झालं!" ती म्हणाली. आवाज फाटला. "चुकलं माझं. मी कापलं होतं ते. झालं. झालं!"

क्षणभर काही नाही.

मग बोळातून श्वास आला. एकदम सोडलेला, पुष्कळ छात्यांमधून, जसा मोठ्या हॉलमध्ये दिवे लागल्यावर सुटतो. त्यामागून कपड्यांची सळसळ, आखडलेल्या गुडघ्यांची कटकट, फरशीवर पाय, आणि मग आणखी पाय.

मागे गॅसचं बटण खटकन बंद झालं. "बाई गं, दूध गेलं की सगळं!" आईचा आवाज. खणखणीत, हललेला, घरचा. फडकं फिरू लागलं. मावशीने हुंदका दिला आणि आईला मिठी मारली. "अगं सोड, हात ओले आहेत माझे," आई म्हणाली. आई परत आली होती.

हात पुसत ती दारात आली, दचकीच्या खांद्यावरून बोळात पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"या, या! आत या की. किती वेळ उभं राहायचं ते! बसा." मग दचकीला कोपराने ढोसून, "बघत काय राहिलीस? शेजारून खुर्च्या आण."

दचकी बोळातून गेली ती भिंतीला अंग घासत. कशाला घासायचं हे तिने स्वतःला विचारलं नाही. समोरचं दार वाजवलं.

शेजारच्या काकू आल्या, हसतमुख. "आई आली ना तुझी? आवाजावरूनच कळलं! पाहुणे बरेच दिसतात. खुर्च्या हव्यात? किती देऊ?"

मोजायला दचकीने मागे वळून पाहिलं. उघड्या दारातून बोळ दिसत होता. बोळ रिकामा होता. पण त्यात बाबा उभे होते, हातात चहाचे कप घेऊन, पोट आत ओढून, पाठ भिंतीला चिकटवून, जसं कुणीतरी येताना आपण वाट देतो तसे. मान डोलवत होते. "हं... हं, या," म्हणत होते. एकेकाला वाट देत होते, आणि त्यांचं वाट देणं संपत नव्हतं.

"अगं, किती?" काकूंनी पुन्हा विचारलं.

"काकू," दचकी म्हणाली, "असतील तेवढ्या द्या."